पेवाच्या तोंडाशी

मार्थामावशींचं नाव आधी घेते, काय घडलं ते मागाहून सांगते. आमच्या गल्लीच्या शेवटी, जिथे गावठाणाची पांढरी माती संपून मुरमाड माळ सुरू होतो, तिथे त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. दारात शेवगा, ओट्यावर कायम काहीतरी वाळत घातलेलं, आणि रविवारी प्रार्थनेला निघताना त्या नेसतात त्या पांढऱ्या लुगड्याला ट्रंकेतल्या कडुनिंबाच्या पाल्याचा मंद, कडवट वास. रक्तानं त्या माझ्या कुणी नाहीत. माझं माहेर वाशीमकडचं, इथून रात्रभराच्या एसटीच्या अंतरावर. त्यांचा सारा जन्म पारनेरच्या या माळावर गेलेला. तरी आज मी हे लिहिते आहे आणि माझी लेक आरू शेजारी पाटीवर रेघोट्या ओढते आहे, या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी मार्थामावशी आहेत. एवढं आधी सांगून ठेवलं म्हणजे भीतीविषयी बोलायला मला थोडा धीर येतो.

श्रावणातल्या रिकाम्या कोठीला एक वास असतो. वाकून आत हात घातला की बोटांना दाणे लागत नाहीत, थंड पत्रा लागतो, आणि त्या अंधारातून जुन्या पिठाची, किड्यांनी सोडलेल्या भुकटीची, किंचित गंजाची अशी एक मिसळलेली दरवळ वर येते. बाहेर त्याच वेळी बांधावर तेरडा फुललेला असतो, ऊन-सावलीचा लपंडाव चाललेला असतो, सणांमागून सण येत असतात. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घरातलं धान्य संपलं असं कधी म्हणत नाहीत. तसं म्हणू नये, म्हणतात. त्या म्हणतात, "ज्वारी उदंड झाली गं." पहिल्या वर्षी मला ते ऐकून हसू आलं होतं. पुढे पुढे मात्र तो शब्द कानी पडला की मी कोठीचं झाकण उचलून पाहू लागले. ज्या घरात रितेपणाला इतकं मंगल नाव शोधावं लागतं, त्या घरानं तो रितेपणा किती पिढ्या पाहिला असेल!

मी मुळातच भित्री. नववीत आईनं अंथरूण धरलं आणि माझी शाळा सुटली. वाचन तेवढं चिवटपणे राहिलं, वाण्याच्या पुडीपासून वाचनालयाच्या फाटक्या पुस्तकापर्यंत जे हाती येईल ते. पुस्तकांनी मला शब्द दिले, धैर्य दिलं नाही. माहेरी काळीभोर जमीन, कपाशी, सोयाबीन. तिथली भीती बाजाराच्या भावाची. इथे माळावर आले तेव्हा पाहिलं, इथली भीती थेट ताटाशी येऊन बसते. वीतभर मातीखाली मुरूम, वर पावसाची मर्जी. आमचे हे नगरच्या एमआयडीसीत कंत्राटावर, आठवड्याला घरी येतात. काम असेल तोवर ठीक. माहेरच्या रेशनकार्डावरून माझं नाव कमी झालं, इथल्या कार्डावर अजून चढलेलं नाही, आरूचंही नाही. आत्याबाईंच्या वाट्याचं धान्य येतं, त्यात आम्ही तिघी. म्हणून आषाढ लागला की मी न बोलता माझ्या भाकरीची चवड कमी करू लागे, आणि आत्याबाई न बोलता त्यांच्या ताटातली अर्धी भाकरी आरूच्या ताटात सरकवू लागत. दोघींनाही दिसायचं. दोघीही आभाळाकडे बघायचो.

पेवाची कल्पना या भीतीतूनच निघाली, आणि ती मार्थामावशींची. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं अरुंद, आत रांजणासारखं पोट फुगत गेलेलं. गल्लीच्या मधोमध, मारुतीच्या पाराजवळ, असं एक जुनं पेव कित्येक वर्षं तसंच पडून होतं. पोरं त्याच्या शिळेवर गोट्या खेळत. आम्ही बायकांनी तेव्हा नुकतंच एक ठरवलं होतं: बाजरीच्या ओळींत पुन्हा हुलगा, मटकी, तूर मिसळून पेरायची, रब्बीला घरच्याच बियाण्याची शाळू ज्वारी घ्यायची, म्हणजे एक पीक गेलं तरी दुसरं हाताला लागेल. पण पिकवलेलं टिकवायचं कसं? घरातल्या कोठीतलं धान्य मागल्या दारानं वाट काढतं. कुणाचा ताप, कुणाच्या लग्नाचा आहेर, पोराच्या मोबाईलचा हट्ट, की चाललं एक पोतं बाजाराला. पेवाचं तसं नाही. त्याची शिळा एका घराला हलत नाही. ते उघडायचं तर सगळी गल्ली जमावी लागते, आणि एकदा उघडलं की सगळंच्या सगळं बाहेर काढावं लागतं, कारण दमट वारा आत शिरला की दाणा टिकत नाही. "एकटीला चोरता येत न्हाई आन् एकटीला उपाशी मरता येत न्हाई," मार्थामावशी म्हणाल्या होत्या, आणि सगळ्या हसल्या होत्या.

चैत्रात आम्ही ते भरलं. तळाशी भुसा, कडेनं कडब्याचं आणि गवताचं जाड अस्तर, मग पाट्यांमागून पाट्या मोत्यासारखी शाळू. ते पेव कुठल्या तरी थोर सुगीसाठी खणलेलं असावं. आमच्या सगळ्यांची ज्वारी मिळूनही ते अर्ध्यावरच राहिलं. शिळा ठेवून शेणमातीनं तोंड लिंपलं तेव्हा मला आपल्याच घराचा उंबरा सारवल्यासारखं वाटलं. श्रावणात उघडायचं, असं ठरलं.

आणि वैशाखात ती अवकाळी सर आली. झाडं मोडली, पत्रे उडाले, आणि गल्लीत गुडघाभर पाणी साचलं. पेवाची शिळा त्या गढूळ पाण्याखाली दिसेनाशी झाली. पाणी ओसरलं, ऊन पडलं, लिंपण वरून तर शाबूत दिसत होतं. पण त्या दिवसापासून गल्लीला एक न बोललेली धास्ती लागली. उघडून पाहावं, तर चांगली असलेली ज्वारीसुद्धा हवा लागून वाया जायची, शिवाय वाटे पडून घराघरांतून विकली जायची. न उघडावं, तर आत काय कुजतंय कोण जाणे! पाण्याला जाता-येता प्रत्येक बाई त्या शिळेपाशी क्षणभर थांबे, जणू जमिनीखालून काही ऐकू येईल. मी तर कान लावूनही पाहिलं होतं. पुढे बाजरी पेरली, उगवली, आणि पावसानं पाठ फिरवली. ओळींमधली मटकी तेवढी जमिनीला बिलगून हिरवी राहिली, बाजरीची पानं सुरळी करून उभी. आमची कोठी उदंड झाली. आता आमच्या तिघींच्या आणि बाजरी येईपर्यंतच्या दिवसांच्या मध्ये ते एक पेव होतं. त्यातली ज्वारी चांगली निघाली तर आरू पोटभर जेवणार होती. नाही निघाली तर पुढचा विचार माझ्यानं करवत नव्हता.

पेव उघडायचं ठरलं त्या सकाळी उघाड होती. ऊन कोवळं, पण त्याच्या कडा राखाडी. आत उतरायचं मीच म्हटलं होतं. त्या तोंडातून सहज जाईल अशी अंगलट माझीच; गल्लीतल्या बायका मला काडीच म्हणतात. शिवाय बादली सोडून वरचे दाणे आले असते, पण कडेचं भिजलेलं आणि मधलं कोरडं निवडायला आत माणूसच हवं. पुरुषांत पुढाकार बबनभाऊजींचा. नात्यानं माझे चुलत दीर, मनानं वाईट नाहीत, पण घाई त्यांच्या स्वभावातच. पहारीनं शिळा उचलली गेली आणि आतून जो वास आला तो मला आजही स्वप्नात येतो: आंबलेल्या ताकासारखा, ओल्या कडब्यासारखा, आणि त्याच्याही खाली काहीतरी जड, गोडसर, घशाशी चिकटणारं. सगळे एक पाऊल मागे सरले. 

मार्थामावशींनी दोरीला बांधून कंदील आत सोडला. कंदिलाची ज्योत तोंडाशी पिवळी होती, जरा खाली गेली तशी निळसर झाली, आखडली, आणि मिटली. विझली म्हणू नये, मिटलीच ती, डोळा मिटावा तशी.

"वाऱ्यानं गेला," बबनभाऊजी म्हणाले.

"पेवात कुठला आलाय वारा?" मार्थामावशींनी कंदील वर ओढला, पुन्हा लावला, पुन्हा सोडला. पुन्हा तेच.

त्या क्षणी मी काय विचार करत होते, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. कोंडलेल्या हवेनं माणूस क्षणात जातो हे मी ऐकलेलं होतं. दिवा कशासाठी सोडतात तेही ठाऊक होतं. पण मला फक्त तो वास दिसत होता, दिसतच होता म्हणते, आणि त्यात काळी पडत चाललेली आमची ज्वारी. एकेक क्षण जातो आहे आणि एकेक दाणा नासतो आहे असं वाटत होतं. मृत्यूची भीती मोठी की भुकेची, असा प्रश्न कुणी शांतपणे विचारला असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. पेवाच्या तोंडाशी मात्र मी कमरेला दोरी बांधून पाय आत सोडूनसुद्धा मोकळी झाले होते. "भाऊजी, सोडा मला, पटकन जाते अन् पाहून येते," मी म्हणाले.

मार्थामावशींनी माझ्या दंडाला धरून मला बाहेर ओढलं. त्यांच्या हाडकुळ्या बोटांत इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं. मग त्यांनी लुगडं सावरलं आणि त्या सरळ पेवाच्या तोंडावर, दोन्ही कडांना हात टेकून, आडव्या बसल्या.

"मावशे, ऊठ," बबनभाऊजी म्हणाले. "आभाळ बघ की जरा. पच्चिमेकडनं भरून यायलंय. उघड्या पेवावर पाऊस आला म्हंजी समदं गेलं."

"दिसतंय मला. डोळं हायती अजून."

"मंग?"

"मंग काय? जिथं दिवा ऱ्हात न्हाई तिथं ही काडी ऱ्हाईल व्हय? लिंबाचा डहाळा आन आदी. चांगला पानाचा आन, तुज्या डोक्यावानी बोडका नको."

दोन-चार जण हसले, पण ते हसणं लगेच विरलं. कुणीतरी टेबलफॅन आणायला धावलं आणि लाईट नाही म्हणून तसंच परत आलं. डहाळा आला. दोरीला बांधून तो आत सोडायचा आणि झपाट्यानं वर ओढायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा ओढायचा, म्हणजे खालची कोंडलेली हवा घुसळून वर निघते. मार्थामावशी एका अंगाला सरकत, डहाळा वरखाली होई, कंदील जाई, मिटे, आणि त्या परत तोंडावर बसत. हे किती वेळ चाललं सांगता येत नाही. माळावरून ढगाची सावली सरकत येताना दिसत होती. आधी टेकडी, मग देशमुखांचा मळा, मग शाळेचं छप्पर. वाऱ्याला ओल आली. आत्याबाई पारावर आरूला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांना नीट दिसत नाही, त्या दर थोड्या वेळानं विचारत, "काय झालं गं? निगाली का जवारी?"

मग माणसं बोलू लागली, आणि माणसं भ्याली की कशी बोलतात ते मी ऐकलं. पेव भरायची अक्कल हिचीच. बुडालं तर हिच्यामुळेच बुडणार. बबनभाऊजी तर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुजं काय जातंय मावशे? तुज्या घरात खानारं त्वांड येक."

मला वाटलं आता त्या उठतील. त्या हलल्या नाहीत.

"येकच हाय म्हून तर मला घाई न्हाई, बबन्या," त्या म्हणाल्या. "आयक. जवारी भिजली तर मला श्या घाल, जनमभर घाल, मी ऱ्हाते हितंच, कुटं जात न्हाई. पन ही पोरगी आत ऱ्हाली तर श्या कुनाला घालशील? तिच्या पोरीला?"

आरूनं त्याच वेळी काहीतरी हट्ट केला आणि आत्याबाईंनी तिला थोपटलं; तो थोपटण्याचा हलका आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दोरी कमरेलाच होती. मी ती सोडली नाही, पण खाली मात्र बसले.

सावली पारापर्यंत आली. चार थेंब पडले, टपोरे, धुळीत खळगे करणारे. बबनभाऊजींनीच धावत जाऊन ताडपत्री आणली आणि चार कोपरे चौघांनी डोक्यावर धरले. मार्थामावशी त्या निळ्या छायेत बसून डहाळा ओढत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते, प्रार्थना असावी. पाऊस तेवढाच झाला. ढग दुसऱ्या गावाला निघून गेला. आणि पुढच्या खेपेला कंदील खाली गेला तो आखडला, निळा झाला, पुन्हा पिवळा झाला, आणि दाण्यांवर टेकल्यावरही जळत राहिला. मावशींनी तो तसाच बराच वेळ ठेवला. मग बाजूला सरकून मला म्हणाल्या, "जा आता. दम लागला तर दोरी वड. लाजू नगो."

आत ऊब होती, गोठ्यात असते तशी. वरच्या गोल उजेडात लोकांचे चेहरे एकमेकांना चिकटलेले. पायाखाली वरचा थर कडक, पापुद्र्यासारखा. मावळतीच्या बाजूची भिंत ओली, तिथली ज्वारी काळी, गोळ्या झालेली, बोट लावताच लगदा. मग मधोमध पापुद्रा फोडून कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटले. बोटांना दाणे लागले. सुटे, कोरडे, सरसरणारे. मी मूठभर वर काढले, नाकाशी धरले, दाताखाली एक फोडला. तो कट्‌कन फुटला. वरून कुणीतरी विचारत होतं, काय निघालं, काय निघालं. मी नुसती मूठ वर केली.

कडेचं पुष्कळ गेलं. ते गाळून, उन्हात घालून, पाखडून जे उरलं त्याचे वाटे पडले. ठरल्याहून लहान, पण पडले. आठवडाभर गल्लीभर तो आंबूस वास भरून राहिला, भाकरीलाही येई, आणि आरू नाक मुरडून का होईना पोटभर जेवली. आत्याबाईंनी पहिली भाकरी मार्थामावशींकडे पाठवली. बाजरी हाती येईपर्यंत आम्ही तिघींनी ताटातलं एकमेकींच्या ताटात सरकवलं नाही. बाजरी थोडीच आली, मटकीनं मात्र हात दिला.

पण लोक विसरत नाहीत, किंवा सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतात. आता पारावर बोललं जातं ते त्या काळ्या ज्वारीचं. म्हातारीच्या नादानं एवढं धान्य कुजलं, म्हणतात. पेव मुरमानं बुजवून टाकावं, ज्याचं त्यानं घरी ठेवावं. येत्या चैत्रात पुन्हा भरायचं की नाही, यावर बैठक व्हायची आहे. मार्थामावशी म्हणतात, भरायचं. तोंड उंच बांधून घेऊ, पाण्याची वाट वळवू, पण भरायचं. खरं सांगायचं तर माझं मन अजून ठरत नाही. त्या तोंडाजवळून जाताना आजही माझी पावलं आपोआप लांब पडतात, आणि ज्वारी पुन्हा भिजली तर काय, हा विचार मला शिळेसारखा दाबून टाकतो. एकेकदा वाटतं, बुजवलेलं बरं. एकेकदा वाटतं, बुजवलं तर पुढच्या आषाढात प्रत्येक घर आपापल्या दाराआड एकटंच घाबरेल; त्या दिवशी निदान आम्ही सगळे एकाच ठिकाणी घाबरलो होतो.

एवढं मात्र मला कळलं आहे की मावशींना त्या सकाळी भीती वाटत नव्हती असं नाही. ताडपत्रीच्या निळ्या सावलीत त्यांचे ओठ एकदाही थांबलेले मी पाहिले नाहीत. ज्वारी भिजली असती तर साऱ्या गल्लीचा राग त्यांना एकटीला जन्मभर सोसावा लागला असता; तो राग त्यांनी आधीच अंगावर घेतला, आणि तोही माझ्यासारख्या परगावच्या पोरीसाठी. असलं ऋण पायलीनं मोजून परत करता येत नाही. मावशी, तुम्ही हे वाचाल तेव्हा हसाल, म्हणाल, "लई लिवलंस गं काडे." पण माझा शब्द घ्या. कधीतरी, या बैठकीत म्हणा की आणखी कशात, असा दिवस येईल की सगळे एका बाजूला असतील आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला एकट्या. तुमचं बरोबर आहे की नाही, हेही मला त्या वेळी कळलेलं नसेल. मी घाबरलेली असेन. तरी मी उठून तुमच्या बाजूला येऊन बसेन.